कुंडीतील चिलटांचा नैसर्गिक बंदोबस्त : औषधाआधी ओलावा आवरा

कुंडीला पाणी घालताच मातीतून बारीक काळी चिलटे उठतात, क्षणभर भिरभिरतात आणि पुन्हा मातीवरच उतरतात. घरात शोभेची झाडे लावणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. गोव्यात त्याचा दोष पावसाळी हवेला दिला जातो आणि उपाय म्हणून डास मारण्याचा फवारा हाती घेतला जातो. यांतील पहिली समजूत अर्धीच खरी आहे आणि दुसरा उपाय चुकीच्या जागी होणारा आहे. या चिलटांचे मूळ हवेत नसून कुंडीतील वरच्या दोन-तीन इंच मातीत असते. तेथील ओलावा आणि कुजणारा पाला आवरला, तर बहुतेक घरांत औषधाची गरजच उरत नाही.

हवामान दोन, चिलट एकच

हा मुद्दा समजून घेण्यासाठी गोव्यापेक्षा अगदी निराळ्या हवामानाचे गाव पाहणे उपयोगी ठरते. महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्याला लागून, तापी नदीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर हे मध्य प्रदेशातील शहर तसे आहे. खानदेशाशी जुने नाते असलेल्या या शहरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. जुन्या तटबंदीच्या शनवारा दरवाजाभोवतीचा शनवारा हा तेथील गजबजलेला भाग. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. बऱ्हाणपुरात त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. एप्रिल-मे महिन्यांत तेथील पारा चाळिशी ओलांडतो.

अशा कोरड्या गावात कुंडीत चिलटे होऊ नयेत, असे वाटते. गच्चीवरच्या, उन्हात तापणाऱ्या कुंड्यांबाबत ते खरेही आहे. वरची माती काही तासांत वाळते आणि चिलटांच्या अंड्यांना लागणारा ओलावा तेथे टिकत नाही. मात्र तीच कुंडी उन्हापासून वाचवण्यासाठी घरात घेतली, पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या झोतात ठेवली आणि ‘उन्हाळा आहे’ म्हणून तिला दोन वेळा पाणी घातले, की चित्र पालटते. बाहेर लू चालू असताना त्या खोलीतील कुंडीला पणजीतल्या जुलैसारखी स्थिती लाभते. म्हणजेच चिलटे ठरतात ती कुंडीच्या तोंडाशी असलेल्या हवामानावरून, गावाच्या हवामानावरून नव्हे. कुंडीच्या तोंडाशी असलेले हे हवामान घरातील माणसांच्या हाती असते.

आधी ओळख पटवावी

घरात भिरभिरणारे प्रत्येक चिलट कुंडीतले नसते. चुकीची ओळख म्हणजे चुकीचा उपाय, म्हणून पुढील फरक ध्यानात घ्यावेत.

• कुंडीतील चिलट : दोन ते चार मिलिमीटर लांबीचे, काळपट, सडपातळ, लांब पायांचे. उडण्यात दुबळे, बराच वेळ मातीवर किंवा कुंडीच्या कडेवर धावताना दिसते. शास्त्रीय वर्गीकरणात ते सायरिडी कुळात मोडते. घरातील कुंड्यांत आढळणारी बहुतेक चिलटे ब्रॅडिसिया या प्रजातीची असतात.

• फळमाशी : तपकिरी-पिवळसर, थोडी गुबगुबीत, बहुधा लाल डोळ्यांची. ती पिकलेल्या फळांवर घोंघावते. बऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा; तेथे घरोघरी केळीचे घड असतात आणि त्यांवरील माश्यांचा आळ अनेकदा शेजारच्या कुंडीवर येतो. गोव्यात आंबा-फणसाच्या दिवसांत हेच घडते.

• मोरीतील माशी : पतंगासारखी केसाळ, हृदयाकृती पंखांची. न्हाणीघराच्या भिंतीवर स्थिर बसलेली आढळते.

• डास : सोंड असलेला आणि चावणारा. कुंडीतील चिलट माणसाला चावत नाही आणि डेंग्यू वा मलेरियाही पसरवत नाही.

शंका असल्यास सोपी चाचणी आहे. कच्च्या बटाट्याची सेंटिमीटरभर जाडीची चकती मातीवर दाबून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी ती उलटून पाहावी. खालच्या बाजूस पांढरट, पारदर्शक अंगाच्या आणि चकचकीत काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या दिसल्या, तर निदान पक्के. अळ्यांसह ती चकती घराबाहेर फेकावी आणि नवी ठेवावी. त्यामुळे चाचणी होते आणि काही अळ्याही कमी होतात.

जीवनक्रम आणि खरी हानी

मादी ओलसर मातीच्या फटींत शंभर ते दोनशे अंडी घालते. चार ते सहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. सुमारे दोन आठवडे त्या मातीच्या वरच्या पाच ते आठ सेंटिमीटर थरात राहून खातात, नंतर कोशात जातात आणि काही दिवसांत पंख असलेली चिलटे वर येतात. पंख फुटलेले चिलट आठवडाभर जगते. सुखद तापमानात हे चक्र तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. एकाच कुंडीत अंडी, अळ्या, कोश आणि चिलटे एकाच वेळी नांदत असतात. उडणारी सगळी चिलटे आज मारली, तरी परवा नवी दिसतात, ती यामुळेच.

अळ्यांचे मुख्य अन्न म्हणजे बुरशी, शेवाळ आणि कुजणारे सेंद्रिय पदार्थ. ते अपुरे पडले की त्या कोवळी तंतुमुळे कुरतडतात. वाढलेल्या, धडधाकट झाडाला त्याने फारसा धोका नसतो. खरी हानी होते ती बियांतून नुकत्याच उगवलेल्या रोपांची आणि मुळे धरू लागलेल्या कलमांची. कुरतडलेल्या जागांतून मूळकुजीची बुरशी शिरते आणि चिलटेही तिचे बीजाणू एका कुंडीतून दुसरीत नेतात. अळंबीच्या शेडमध्ये या कुळातील माश्या मोठी कीड मानल्या जातात, त्याचेही कारण हेच : ओलावा, अंधार आणि बुरशी.

झाड निस्तेज दिसत असेल, खालची पाने पिवळी पडत असतील आणि चिलटेही असतील, तर सारा दोष चिलटांचा मानू नये. सतत भिजलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. त्या स्थितीत चिलटे रोगाचे कारण असण्यापेक्षा त्याची सूचना असतात.

‘नैसर्गिक’ खताची उलटी बाजू

सेंद्रिय बागकामाच्या उत्साहात स्वयंपाकघरातील अनेक गोष्टी थेट कुंडीत जातात. चहाचा चोथा, केळीच्या साली, तांदूळ धुतलेले पाणी, उरलेले ताक, देवपूजेतील निर्माल्य ही त्यांतली नेहमीची नावे. यांत खतमूल्य आहे, पण ते नीट कुजल्यानंतर. मातीच्या पृष्ठभागावर ओले पडलेले हे पदार्थ आधी बुरशीला आणि मग चिलटांच्या अळ्यांना अन्न पुरवतात. मोठ्या परसात ही प्रक्रिया डोळ्यांआड होते, कारण तेथे मातीचे आकारमान मोठे, ऊन-वारा भरपूर आणि अळ्या खाणारे कीटकही असतात. दहा इंची कुंडीत यांपैकी काहीच नसते.

म्हणून चिलटांवर ‘नैसर्गिक उपाय’ म्हणजे कुंडीत आणखी काही घालणे, ही कल्पना आधी सोडावी. पहिला नैसर्गिक उपाय वजाबाकीचा आहे. साली, चोथा, गळलेली पाने आणि शेवाळाचा हिरवा पापुद्रा काढून टाकावा. हे सारे कंपोस्टच्या झाकणबंद डब्यात जावे आणि गडद, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत झाल्यावरच कुंडीत परत यावे. अर्धवट कुजलेले शेणखत आणि गांडूळखताचे उघडे पोते हेदेखील चिलटांचे उगमस्थान असू शकते.

पाणी देण्याची पद्धत

वरची माती वाळू देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यासाठी वेळापत्रकाने पाणी न देता मातीला विचारून द्यावे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कुंडी उचलून तिचे वजन पाहण्याची सवयही उपयोगी. कोरडी कुंडी लक्षणीय हलकी लागते.

मनी प्लांट, स्नेक प्लांट, जेड, कोरफड ही झाडे दोन पाण्यांमधील कोरडेपणा सहज सोसतात. नेचे, पीस लिली आणि कोवळी रोपे मात्र कोमेजतात. अशा झाडांना खालून पाणी द्यावे. पाण्याच्या घमेल्यात कुंडी वीस-तीस मिनिटे ठेवावी, तळाच्या छिद्रांतून माती पाणी शोषून घेते. मग कुंडी बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. मुळांना पाणी मिळते आणि वरचा थर तुलनेने कोरडा राहतो.

तुळशीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिला रोज पाणी घालण्यामागे श्रद्धा आहे आणि अंगणातील वृंदावनात त्याने बिघडतही नाही. सदनिकेच्या गॅलरीतील लहान कुंडीत मात्र रोज तांब्याभर पाणी गेले, तर पावसाळ्यात तुळस सडते. अशा वेळी रोजचे पाणी पळीभर अर्पण करावे आणि झाडाची खरी तहान माती पाहून भागवावी. आचार मोडत नाही आणि तुळसही जगते.

कुंडीही तपासावी. पक्क्या भाजलेल्या मातीची, बिनरंगी कुंडी भिंतींतून ओलावा सोडते. प्लास्टिकची आणि चकचकीत लेपाची कुंडी तो धरून ठेवते. शोभेच्या बाह्यपात्रात कुंडी ठेवलेली असेल, तर त्याच्या तळाशी साचलेले पाणी कोणाच्या लक्षात येत नाही. ते पाणी देऊन झाल्यावर ओतून टाकावे.

मातीचा वरचा थर

प्रादुर्भाव जास्त असल्यास वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खरवडून घराबाहेर काढावी. तिच्या जागी धुऊन वाळवलेल्या जाड वाळूचा किंवा बारीक खडीचा तेवढाच थर द्यावा. त्यातून पाणी चटकन खाली उतरते, पृष्ठभाग कोरडा राहतो आणि मादीला अंडी घालण्याजोगी ओली फट मिळत नाही. वाळू नदीची हवी. गोव्यात सहज हाताशी येणारी समुद्रकिनाऱ्याची वाळू वापरू नये. तिच्यातील मीठ मुळांना मारते. अगदी बारीक वाळूही नको, कारण ती ओल धरून ठेवते.

नवी माती तयार करताना केवळ कोकोपीटवर भर देऊ नये. ते वरून सुकलेले दिसले तरी आतून बराच काळ ओले असते. बागेतली माती, पूर्ण कुजलेले खत आणि जाड वाळू यांचे मिश्रण अधिक सुरक्षित. हे मिश्रण किंचित ओले करून पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे तापवले, तर त्यातील अंडी, अळ्या आणि बरीचशी रोगट बुरशी मरते. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात हे काम आपोआप होण्याजोगे आहे. गोव्यात ते एप्रिल-मे महिन्यांतच उरकावे लागते.

पिवळे सापळे

चिलटे पिवळ्या रंगाकडे ओढली जातात. कापूस व भाजीपाल्याच्या शेतात वापरले जाणारे पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. त्यांचे लहान तुकडे कापून मातीलगत आडवे ठेवावेत किंवा काडीला लावून खोचावेत. पिवळ्या पुठ्ठ्यावर प्लास्टिक गुंडाळून एरंडेल तेलाचा लेप दिला, तर घरीही सापळा होतो. मात्र त्यावर फक्त उडणारी चिलटे अडकतात. अळ्यांना तो काहीच करत नाही. त्याचा खरा उपयोग मोजमापाचा आहे. दर आठवड्याला नवा तुकडा लावून अडकलेली चिलटे मोजली, तर उपाय लागू पडतो आहे की नाही, ते कळते.

कडुनिंब : उपयोग आणि मर्यादा

कडुनिंबातील ॲझाडिरेक्टिन हे द्रव्य किडीच्या वाढीत आणि कात टाकण्यात अडथळा आणते. ते तत्काळ मारत नाही, म्हणून दोन दिवसांत परिणाम नाही असे म्हणून सोडून देणे चुकीचे. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि काही थेंब सौम्य द्रवसाबण एकत्र घुसळून, वाळलेल्या वरच्या मातीवर आठवड्यातून एकदा ओतावे. असे तीन-चार आठवडे करावे. बाजारातील तयार ॲझाडिरेक्टिन घेतल्यास लेबलवरील प्रमाणच पाळावे. कोवळ्या किंवा नाजूक झाडावर आधी एका कुंडीत प्रयोग करावा.

निंबोळी पेंड मातीत मिसळावी, वर पसरू नये. पृष्ठभागावर ओली राहिलेली पेंड स्वतःच बुरशी धरते. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. निंबोळी तेल पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवावी.

गोव्याला परिचित असलेला जिवाणू

अळ्यांवर नेमका काम करणारा जैविक उपाय म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्रायलेन्सिस, संक्षेपाने बीटीआय. हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील एका डबक्यात सापडला. त्याचे प्रथिन-स्फटिक अळीच्या आम्लरहित आतड्यात विरघळून विषारी होतात. माणसाच्या आम्लधर्मी जठरात तसे होत नाही. १९९० च्या दशकात गोव्यात मलेरिया पसरवणाऱ्या डासांविरुद्ध पणजी आणि कांदोळी येथे त्याचे क्षेत्रप्रयोग झाले. बांधकामांवर साचलेले पाणी आणि वापरात नसलेल्या टाक्या हे त्यांचे लक्ष्य होते. कांदोळीत जोडीला अळ्या खाणारे मासेही सोडण्यात आले होते.

डास आणि कुंडीतील चिलट एकाच मोठ्या गणातील असल्याने बीटीआय चिलटांच्या अळ्यांवरही चालतो. लेबलवरील प्रमाणात ते पाण्यात मिसळून, दर आठवड्याला एकदा, किमान तीन-चार वेळा मातीला द्यावे लागते. खरेदी करताना एक काळजी घ्यावी. शेतीच्या दुकानात ‘बीटी’ नावाने मिळणारी पावडर बहुधा कुर्स्ताकी या उपप्रकाराची असते. ती पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहे. चिलटांवर तिचा उपयोग नाही. पाकिटावर ‘इस्रायलेन्सिस’ हे नाव पाहूनच घ्यावे.

ऐकीव उपायांची पारख

दालचिनीची पूड बुरशी थोडी रोखते, पण तिने अळ्या संपतात असे मानण्यास पुरेसा आधार नाही. हळदीबाबतही तेच. कापूर किंवा धूप जाळल्याने उडणारी चिलटे काही वेळ दूर जातात, मातीतली अळी तेथेच राहते. व्हिनेगरची वाटी फळमाशीला चांगली आकर्षित करते. कुंडीतील चिलटे तिच्यात कमी पडतात. डायटोमेशियस पावडर कोरडी असेपर्यंतच काम करते आणि तिचा धुरळा श्वासात जाणे बरे नाही.

डास मारण्याचा फवारा तर टाळावाच. तो अळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मत्स्यपात्रातील मासे आणि घरातील मांजर यांना मात्र त्यातील द्रव्ये घातक ठरू शकतात. तुळस, कढीपत्ता, पुदिना यांची पाने पोटात जातात, तुळशीची पाने तीर्थातही पडतात. त्यांवर असा फवारा कोणत्याही कारणाने मारू नये.

चार आठवड्यांचा क्रम

पहिला आठवडा : बाधित कुंड्या वेगळ्या ठेवाव्यात. साली, चोथा, पालापाचोळा काढावा. वरची माती बदलून वाळूचा थर द्यावा. पिवळे सापळे लावावेत.

दुसरा आठवडा : पाणी केवळ माती तपासून द्यावे. अळ्यांसाठी निंबोळी तेल किंवा बीटीआय यांपैकी एक सुरू करावे. जुने सापळे बदलून चिलटे मोजावीत.

तिसरा आठवडा : तोच क्रम. या टप्प्यावर आधीच्या कोशांतून नवी चिलटे निघू शकतात. उपाय फसला असे समजू नये.

चौथा आठवडा : पुन्हा मोजणी. संख्या नगण्य असल्यास औषध थांबवावे, पाण्याची शिस्त मात्र कायम ठेवावी. कमी झाली नसल्यास झाड कुंडीतून काढून मुळे पाहावीत. काळी, मऊ, दुर्गंधी येणारी मुळे कापून झाड नव्या मातीत लावावे.

नवे रोप रोपवाटिकेतून आणल्यावर दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे.

बशीकडे दुर्लक्ष नको

चिलटांच्या मागे लागताना एक मोठा धोका नजरेआड होतो. कुंडीतील चिलट रोग पसरवत नाही. कुंडीखालच्या बशीत साचलेले स्वच्छ पाणी मात्र डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालण्यास पुरेसे आहे. अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करण्याचा आग्रह आरोग्य यंत्रणा धरते. या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे बशी नुसती उपडी करून भागत नाही, ती घासून पुसावी लागते.

ही बशी ज्या दिवशी रिकामी होते, त्याच दिवशी कुंडीचा तळ निथळतो, मुळांना हवा मिळते आणि वरची माती वाळू लागते. चिलटे, मूळकुज आणि डास या तिन्हींचे घर एकाच पाण्यात असते. शनवाऱ्यातील कूलरजवळची कुंडी असो वा पणजीतील पावसाळी गॅलरीतली, त्या पाण्याचा हिशेब ठेवणे हाच पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय होय.